गुहेतली मातीसुद्धा एक नोंदच आहे

‘नोंद सापडली का?’

गेल्या दोन-तीन वर्षांत जालन्यात हा प्रश्न तुम्ही किती वेळा ऐकलाय? नवीन जालन्यातल्या चहाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानासमोरच्या रांगेत, कॉलेजच्या कट्ट्यावर, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातली जुनी दप्तरं उघडायला लागली. निजामकाळातले कागद, मोडीतल्या ओळी, उर्दूतली रजिस्टरं. ज्या गठ्ठ्यांकडे कालपर्यंत कुणी बघत नव्हतं, त्यांच्यासाठी मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली.

आरक्षणावर तुमचं मत काय असेल ते असो, तो आजचा विषय नाही. पण या सगळ्यातून आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला एक गोष्ट कळली. जुनी नोंद म्हणजे रद्दी नसते. ती एकदा फाटली, भिजली, उंदरांनी खाल्ली, की तिची दुसरी प्रत कुणीही देऊ शकत नाही.

आता हीच गोष्ट डोक्यात ठेवा आणि माझ्यासोबत जरा कोकणात चला. कारण मला ज्या नोंदीबद्दल बोलायचंय ती कागदावर नाही, एका गुहेच्या जमिनीत आहे. आणि अशा नोंदी आपण, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी सहलीला जाणारी पोरं-पोरी, रोज पायाखाली तुडवतोय.

कोळोशीत काय सापडलं?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कोळोशी नावाचं गाव आहे. तिथल्या जंगलात एक नैसर्गिक गुहा आहे. २०२१ मध्ये या गुहेची बातमी देशाबाहेरही गेली. संशोधक ऋत्विज आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं. दोन चर खणले. त्यात दगडाची हत्यारं मिळाली. काही अगदी लहान, ज्यांना सूक्ष्मास्त्रं म्हणतात, आणि काही त्यांच्यापेक्षा मोठी. लहान हत्यारं साधारण १०,००० वर्षांपूर्वीची आणि मोठी त्याहून बरीच जुनी, कदाचित २०,००० वर्षांपूर्वीची असावीत, असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज होता. मोहालीच्या आयसर संस्थेतले पुरातत्त्वज्ञ डॉ. पार्थ चौहान यांनी तेव्हा सांगितलेला प्राथमिक पल्ला त्याहून मोठा होता : १०,००० ते ४८,००० वर्षं.

पल्ला एवढा मोठा का, असं वाटेल. कारण सुरुवातीला फक्त हत्यारांच्या घडणीवरून वय सांगितलं जातं. नेमकं वय प्रयोगशाळेतून येतं आणि त्याला वेळ लागतो. हत्यारांच्या धारेला काही सेंद्रिय अंश चिकटून राहिलाय का, हेही तपासतात. म्हणजे या कपचीने मांस कापलं, झाडाची साल सोलली की कंद, याचा माग त्या धारेवरून काढायचा.

कोळोशी महत्त्वाची ठरते ती आणखी एका कारणाने. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं तुम्ही रीलमध्ये तरी बघितली असतील. जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यांवर कोरलेले हत्ती, मासे, माणसं, भौमितिक आकृत्या. २०२२ मध्ये त्यातल्या नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. आठ महाराष्ट्रातल्या आणि एक गोव्यातली. शिल्पं तर दिसतात, पण ती कोरणारी माणसं राहायची कुठे, खायची काय, हे सड्यावरच्या उघड्या दगडावरून कळत नाही. तिथे पाऊस सगळं धुऊन नेतो. गुहेत मात्र माती साचून राहते. कोळोशी ही रत्नागिरीतल्या शिल्पांपासून साधारण ८० किलोमीटरवर. शिल्पं कोरणाऱ्यांचा आणि या गुहेत राहणाऱ्यांचा काही संबंध असावा, असं तज्ज्ञांना वाटतं. तो सिद्ध व्हायचा असेल तर तो गुहेच्या मातीतूनच होईल.

आपण मान वर करून बघतो

आता जालन्यातल्या आपल्यासारख्यांची अडचण सांगते. आपल्यासाठी गुहा म्हणजे वेरूळ, अजिंठा, पितळखोरा. शाळेची पहिली सहल वेरूळला, कॉलेजचीही वेरूळला आणि पाहुणे आले की परत वेरूळ. त्यामुळे गुहा म्हटलं की आपण मान वर करतो. भिंती बघतो, छत बघतो, खांब बघतो. पण ती लेणी आहेत. माणसांनी बेसॉल्टचा डोंगर फोडून घडवलेली. त्यांचं सगळं वैभव भिंतींवर आहे.

नैसर्गिक गुहेचं उलट असतं. भिंतीवर बहुतेक वेळा काहीच नसतं. ओल, वटवाघळं आणि कुणीतरी चुन्याने लिहिलेलं ‘राहुल लव्ह’ एवढंच. जे काही असतं ते खाली असतं.

हे समजायला तुम्हाला पुरातत्त्वाचं पुस्तक लागत नाही. विहीर किंवा शेततळं खोदताना बघितलंय ना? वर काळी माती, मग चोपण, मग मुरूम, मग खडक. आपल्या आजोबांना प्रत्येक थर नावानिशी माहीत असतो. गुहेची जमीन तशीच असते, फक्त तिचे थर बोटभर किंवा वीतभर जाडीचे असतात. सगळ्यात वर आजची धूळ आणि शेळ्यांच्या लेंड्या. त्याखाली शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची राख. त्याखाली मातीच्या भांड्यांचे तुकडे. मग भांडी संपतात, कारण माणसाला भांडं करणं माहीतच नव्हतं. तिथून फक्त दगड, हाडं आणि कोळसा.

या थरांचा क्रम हाच तो कागद. कुठली वस्तू कुठल्या थरात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी मिळाली, ही त्यावरची ओळ. म्हणून उत्खननात फावड्याने ढीग उपसत नाहीत. जमिनीवर चौकटी आखतात, छोट्या थापीने आणि ब्रशने थोडी थोडी माती काढतात, प्रत्येक थराची माती चाळणीतून चाळतात, वस्तू जिथे मिळाली तिथली मापं लिहितात आणि मगच ती पिशवीत जाते. दिवसभर काम करून हातभर खोलीसुद्धा गाठली जात नाही. बघणाऱ्याला वाटतं, ही माणसं टाइमपास करताहेत. खरं तर ती वाचताहेत. मोडीचा कागद वाचणारा माणूस जसा एका ओळीवर अर्धा तास थांबतो, तसंच.

आणि हे वाचन एकदाच होतं. वाचलेलं पान पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. म्हणून नीट उत्खनन करणारे लोक गुहेचा काही भाग मुद्दाम न खणता सोडतात. पन्नास वर्षांनी जास्त चांगली यंत्रं घेऊन कुणी येईल, त्याच्यासाठी. हा विचार मला फार आवडतो. स्वतःचं नाव होण्याची संधी समोर असताना, अजून जन्मलाही नाही अशा विद्यार्थ्यासाठी माती राखून ठेवायची!

हा नुसता भाबडेपणा नाही. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत २००८ मध्ये करंगळीच्या हाडाचा एक छोटासा तुकडा सापडला. दोन वर्षांनी त्याच्या डीएनएवरून कळलं की ही माणसांची एक वेगळीच शाखा आहे, जिच्याबद्दल तोपर्यंत कुणालाच माहिती नव्हती. २०१७ मध्ये तर शास्त्रज्ञांनी हाड नसताना, गुहांच्या नुसत्या मातीतून प्राचीन माणसांचा डीएनए मिळवून दाखवला. आपल्या गरम हवेत डीएनए टिकणं अवघड आहे, हे खरं. पण तीस वर्षांपूर्वी कुणी म्हणालं असतं की माती सांभाळा, त्यात माणूस आहे, तर लोक हसले असते.

तीन दगड आणि एक चूल

इथे एक कबुली द्यायला हवी. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही सहा-सात जण डोंगरात फिरायला गेलो होतो. पाऊस आला म्हणून एका कपारीत शिरलो. छान कोरडी जागा होती. आम्ही कपारीतली माती पायाने सारखी केली, तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या आणि मॅगी केली. निघताना चांगल्या मुलांसारखं प्लास्टिक उचललं, राख मातीत पुरली आणि स्वतःवर खूश होत खाली उतरलो. मातीत गारेच्या धारदार कपच्या होत्या. त्यातल्या दोन मी खिशात घालून आणल्या. त्या कुठे गेल्या, आता आठवतही नाही.

त्या नुसत्या फुटलेल्या गारगोट्या असतील. बहुधा तशाच असतील. पण त्या तशा नसत्या, तर मी काय केलं होतं, हे मला कोळोशीबद्दल वाचल्यावर कळलं.

पहिली गोष्ट, राख. जुन्या कोळशाचं वय कार्बन-१४ पद्धतीने काढतात. ही पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंत चालते. आमच्या मॅगीच्या चुलीचा कोळसा जुन्या थरात पुरला गेला, तर उद्या नमुना घेणाऱ्याला तो वेगळा कसा ओळखू येणार? ‘चांगलं वागलो’ म्हणून जे केलं, तेच सगळ्यात वाईट होतं.

दुसरी गोष्ट, ऊन. मातीचं वय काढायची आणखी एक पद्धत आहे. वाळूचे बारीक कण अंधारात पुरलेले असताना आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे हळूहळू ऊर्जा साठवत जातात. मोबाईल चार्जिंगला लावून ठेवल्यासारखं. किती चार्ज झालाय त्यावरून कळतं की तो कण किती वर्षं अंधारात होता. पण ऊन लागलं की हा चार्ज काही सेकंदांत, फार तर मिनिटांत उतरतो. म्हणून नमुने घेताना प्रकाश न जाणारी नळी थेट थरात ठोकतात आणि दोन्ही तोंडं बंद करून नेतात. म्हणजे कुणी गुहेतली माती फावड्याने बाहेर ओढली, तर ती माती तिथेच ढिगात पडलेली असली तरी तिचं घड्याळ शून्यावर गेलेलं असतं.

तिसरी गोष्ट, माझ्या खिशातल्या कपच्या. गुहेच्या थरात असताना ती कपची म्हणजे पुरावा. माझ्या खिशात आल्यावर ती गारगोटी. तिची जागा गेली की तिचं बोलणंच बंद होतं. मूळ रजिस्टरमधून एक ओळ कापून आणली आणि कुठल्या गावचं, कुठल्या सालचं रजिस्टर हेच विसरलं, तर त्या ओळीला कोण विचारेल?

सोनं नाही निघालं?

कोळोशीची गोष्ट मी आमच्या गल्लीतल्या एका काकांना सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत नीट ऐकली आणि विचारलं, ‘‘मंग सोनं-बिनं काई निघालं का नाई?’’

हसू नका. गुहांचं, जुन्या गढ्यांचं, पडक्या देवळांचं सगळ्यात जास्त नुकसान याच प्रश्नाने केलंय. गुप्तधनाच्या नादात रात्री खड्डे खणल्याच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतातच. खणणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि जे होतं ते त्याने उपसून फेकलेलं असतं. गंमत म्हणजे गुप्तधनाचा कायदा १८७८ चा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर कलेक्टरला कळवा, असं तो सांगतो. अश्मयुगातल्या कपचीला बाजारात कुणी दहा रुपयेही देणार नाही. चोराला तिची किंमत नाही आणि आपल्यालाही नाही, फरक एवढाच की चोर रात्री येतो आणि आपण रविवारी.

दुसरं नुकसान भक्तीतून होतं. हे लिहिताना मी जपून लिहितेय, कारण कुणाची श्रद्धा दुखवायची नाही. डोंगरातल्या गुहेत देव असणं यात काहीच गैर नाही. उलट, माणूस त्या जागेला हजारो वर्षं धरून आहे, याचीच ती खूण आहे. मेंढपाळ पावसात तिथे थांबतात, तेही आजचं नाही. पण देवस्थानाला निधी आला की पहिलं काम काय होतं? जमीन खणून सपाट करायची आणि फरशी बसवायची. हे करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. फरशी बसवायच्या आधी एकदा कुणा जाणकाराला बोलावून दाखवलं तर देवही तिथेच राहील आणि नोंदही.

आणि तिसरं नुकसान म्हणजे भिंतीवर नावं कोरणारे. त्यांना वाटत असेल की हे आपल्या पिढीचं फॅड आहे, तर तसं नाही. १८१९ मध्ये अजिंठ्याला पोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहा क्रमांकाच्या लेण्यात स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवली होती. दोनशे वर्षं होऊन गेली, आपण त्याचीच कॉपी मारतोय. आज संरक्षित स्मारकावर असं काही केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा संरक्षित जागेला. डोंगरातल्या बिननावाच्या कपारीला कोण?

ज्यांची संघटना नाही

माझा खरा मुद्दा इथे आहे. आपल्या महाराष्ट्रात इतिहासातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाला आज कुणी ना कुणी वाली आहे. जयंती आहे, मिरवणूक आहे, संघटना आहे, भावना आहेत. एखाद्या पुतळ्याला धक्का लागला तर शहर बंद होतं.

कोळोशीच्या गुहेतल्या माणसाला यातलं काहीच नाही. त्याचं नाव माहीत नाही, त्याची भाषा माहीत नाही. त्याची जात नाही, कारण जात तेव्हा नव्हती. त्याचा तालुका नाही, मतदारसंघ नाही. त्याच्यासाठी कुणाच्या भावना दुखावत नाहीत आणि म्हणून त्याची जागा उद्या खणली, बुजवली, फोडली तरी कुणी रस्त्यावर येणार नाही.

पण याच कारणामुळे तो एकटाच असा पूर्वज आहे ज्याच्यावरून आपल्याला भांडता येत नाही. नुसतं मराठवाड्याचं किंवा कोकणाचं म्हणून त्याला बाजूला काढता येत नाही. जो कुणाचाच नाही तो सगळ्यांचा, हे बोलायला सोपं आहे. व्यवहारात त्याचा अर्थ ‘कुणाचीच जबाबदारी नाही’ असा होतो. हा अर्थ आपल्याला बदलायचाय, असं मला वाटतं.

आणि तो बदलता येतो, हे कोकणानेच दाखवलंय. रत्नागिरीची कातळशिल्पं एवढी उजेडात आली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई अशा स्थानिक अभ्यासकांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घातले म्हणून. गावातल्या गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारत त्यांनी एकेक चित्र शोधलं. पुढे बारसूच्या सड्यावर रिफायनरीचा वाद पेटला तेव्हा तिथल्या कातळशिल्पांचं काय, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला, कारण तोपर्यंत ती शिल्पं नोंदवलेली होती. नोंदच नसती तर प्रश्नही पडला नसता.

आपल्याकडे काय आहे?

‘ते कोकणातलं झालं, आपल्याकडे काय आहे?’ हे तर जालनेकराचं आवडतं वाक्य. स्टील आहे, मोसंबी आहे, उन्हाळ्यात टँकर आहे आणि आता समृद्धी महामार्ग आहे. इतिहास बाहेरच्यांचा.

तर ऐका. १८६५ च्या सुमारास ए. बी. विन नावाच्या भूशास्त्रज्ञाने गोदावरीकाठी मुंगी या गावाजवळ, प्राण्यांच्या जीवाश्मांच्या थरात, माणसाने घडवलेली अकीकाची एक कपची नोंदवली. मुंगी म्हणजे पैठणच्या पलीकडचं. आपल्या अंबड तालुक्याच्या शेजारचाच मुलूख. भारतात अश्मयुगाचा अभ्यास जेमतेम सुरू झाला होता तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे या देशातल्या आदिमानवाच्या पहिल्यावहिल्या पुराव्यांपैकी एक आपल्या गोदाकाठचा आहे. मांजरेच्या खोऱ्यात हत्तींचे आणि पाणघोड्यांचे जीवाश्म मिळालेत. मराठवाड्यात पाणघोडे! टँकरची वाट बघताना हे एकदा आठवा.

चाळीसगावजवळच्या पाटणे इथे १९७० च्या दशकात एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले, साधारण २५,००० वर्षांपूर्वीचे. कुणीतरी बसून कवचाला भोक पाडून दागिना केला होता. आणि खुद्द आपल्या जिल्ह्यात भोकरदनला १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केलं. तो काळ अश्मयुगाच्या कितीतरी नंतरचा, सातवाहनांच्या आसपासचा. पण तिथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीचं साम्य अभ्यासकांना थेट इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी दिसलं.

आपल्या बेसॉल्टच्या प्रदेशात मोठ्या नैसर्गिक गुहा कमी, हे खरंय. पण कपारी आहेत, नदीकाठचे उंच काठ आहेत, गावोगावची पांढरी आहे. गावाची जुनी वस्ती जिथे असते त्या टेकाडाला आपण ‘पांढर’ म्हणतो आणि शेताला ‘काळी’. पांढर पांढरी का असते? पिढ्यान् पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती. ज्या गोष्टीला पुरातत्त्वज्ञ वस्तीचे थर म्हणतात त्याला आपल्या आज्ज्यांनी आधीच नाव देऊन ठेवलंय. आणि आपण ती पांढर ट्रॅक्टरने भरून नेतो.

पण याने नोकरी लागेल का?

माझ्या एका मित्राने हा लेख अर्धा वाचून हेच विचारलं. प्रश्न चुकीचा नाही. स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरून तीन वर्षं झालेल्या मुलाला मी ‘दगडाच्या कपच्या सांभाळ’ म्हणून सांगायचं, हे मलाही थोडं विचित्र वाटतं. पुरातत्त्वात नोकऱ्या थोड्या आहेत, खोटं कशाला बोला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कुठल्याही शाखेचा पदवीधर पुरातत्त्वात एमए करू शकतो, आणि या विषयात भूगोलवाले, रसायनवाले, कॉम्प्युटरवाले सगळे लागतात, एवढंच सांगते.

पण मी तुम्हाला करिअर बदला म्हणत नाहीये. मी फक्त म्हणतेय, नुकसान करू नका. त्याला डिग्री लागत नाही, पैसे लागत नाहीत, वेळही लागत नाही. शिवाय या विषयात आपल्या वयाच्या, किंबहुना लहान वयाच्या पोरांनी मोठी कामं केलीत. १८७९ मध्ये स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेत सौतुओला हे गृहस्थ जमिनीत दगडी हत्यारं शोधत होते. सोबत आलेल्या आठ वर्षांच्या मारियाने वर बघितलं आणि छतावर रंगवलेले रानबैल दिसले. जगाने वीस वर्षं विश्वास ठेवला नाही. शेवटी मारियाने बघितलेलं खरं ठरलं. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये चार पोरांनी शोधली. पुढे ती बघायला एवढी गर्दी झाली की माणसांच्या नुसत्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागली आणि १९६३ मध्ये ती लोकांसाठी बंद करावी लागली. शोधणं आणि सांभाळणं, दोन्ही त्या एका गुहेने शिकवलं.

आपल्याकडे विष्णू श्रीधर वाकणकरांना १९५७ मध्ये रेल्वेच्या खिडकीतून भीमबेटकाचे खडक दिसले. तेच खडक कितीतरी प्रवाशांना दिसत असतील. वाकणकर उतरले आणि चालत गेले. २००३ मध्ये तिथल्या शैलाश्रयांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

पुढच्या ट्रेकला

म्हणून पुढच्या वेळी डोंगरात जाल तेव्हा एवढंच करा. गुहेत किंवा कपारीत चूल मांडू नका, बाहेर मोकळ्यावर मांडा. जमीन सारखी करू नका, उकरू नका, राख पुरू नका. धारदार कपच्या, हाड, खापर दिसलं तर उचलू नका. आहे तिथे ठेवून शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. फोनमध्ये ठिकाण नोंदवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या जागेची रील टाकताना लोकेशन टाकू नका. लाइक्सच्या आधी फावडी पोचतात.

मग तो फोटो राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला पाठवा. दहापैकी नऊ वेळा ती साधी गारगोटीच निघेल. ठीक आहे, निघू दे. कुणाला तरी दाखवून ‘काही नाही’ ऐकणं, हे न दाखवता पुरून टाकण्यापेक्षा बरं. आणि गावच्या गुहेत फरशी बसवायचं चाललं असेल तर ग्रामसभेत उठून एकदा विचारा, ‘‘आधी कुणाला दाखवलंय का?’’ एवढं वाक्य पुरतं.

मी त्या कपारीत परत गेले नाहीये. या पावसाळ्यानंतर जाणार आहे. आमची राख उकरून काढायचा मोह होईल, पण ती आता तशीच राहू देणार. फक्त फोटो काढीन, ठिकाण लिहीन आणि सोबत हेही लिहीन की वरच्या थरातला कोळसा आमचा आहे, मॅगीचा, अमुक सालचा. निदान आमच्या चुकीची तरी नीट नोंद होईल.